आवाज सिद्ध करा

गाण्याच्या जागा वाचवणारा नियम पबवाल्यांसाठी केला होता, हे सुगंधाला पहिल्याच दिवशी कळलं. वॉर्ड ऑफिसातल्या बाबूने तिच्याकडे दारूचा परवाना मागितला. आमच्याकडे भजनाची डबलबारी होते आणि मध्यंतरात चहा मिळतो, असं तिने सांगितलं. मग यात लाइव्ह म्युझिक कुठे आलं, असं त्याने विचारलं तेव्हा तिने कपाळावर हात मारून घेतला.

तरीही ती खेटे घालत राहिली, कारण नियम कामाचा होता. जोगेश्वरीच्या त्यांच्या मंडळाच्या हॉलला खेटून टॉवर उभा राहणार होता. टॉवर आला की तक्रारी येणार आणि मग हॉलला कुलूप लागणार. नवा नियम म्हणत होता, गाण्याची जागा आधीपासूनची असेल तर आवाज अडवणाऱ्या खिडक्या बिल्डरने स्वतःच्या खर्चाने बसवायच्या; मागून राहायला आलेल्यांना हॉल बंद पाडता येणार नाही. फक्त एकदा अधिकाऱ्यासमोर गाऊन दाखवायचं आणि कुंपणाजवळच्या यंत्रावर आवाज पुरेसा भरायला हवा.

आता यात कठीण ते काय? पण मंडळाच्या गड्यांना ओळखत नसेल त्यानेच असं म्हणावं. इतक्या वर्षांत दारात खाकी दिसली, की बुवांचा पंजा खाली जायचा आणि सगळं मंडळ एका दमात हळू व्हायचं. बुवा म्हणजे मंडळाचा मुख्य गायक राजाराम, सुगंधाचा नवरा. मोठ्याने गा, हे त्याला सांगता सांगता तिचा जीव मेटाकुटीला आला. तो नुसती मान डोलवायचा. त्यात वरचा सूर वर्षभर त्याला दगा देत होता. हे फक्त तिला ठाऊक होतं, कारण मिठाच्या गुळण्यांचं पाणी तीच गरम करून द्यायची.

शनिवारी संध्याकाळी अपूर्वा नावाची तरुण अधिकारी आली. गळ्यात सरकारी ओळखपत्र, हातात यंत्र. सुरू करा म्हणायला ती दारात उभी राहिली आणि व्हायचं तेच झालं. राजारामचा पंजा खाली गेला. पखवाजावरचा सुशांत बाळाला थोपटावं तसा वाजवू लागला. त्यावर कडी केली समोरच्या बारीच्या दशरथ बुवांनी. डबलबारीत एका बुवाने टोमणा मारायचा आणि दुसऱ्याने तो गाऊन परतवायचा. टोमण्याशिवाय आवाज चढतच नाही. पण सरकारी पाहुणी आली म्हणून दशरथ बुवा चक्क राजारामची स्तुती गात होते. सुगंधाला वाटलं, या सगळ्यांना हॉलमध्ये कोंडून आपणच कुलूप घालावं.

कुंपणाजवळून अपूर्वा परत आली. "काकू, रस्त्यावरची रिक्षा जास्त भरतेय," ती म्हणाली. तिने दुसऱ्यांदा मोजून पाहिलं, तरी तेच. आता शेवटचं एकदा मोजते, नाहीतर इथे गाणं होत नाही असंच मला लिहावं लागेल, असं तिने बिचारीने अगदी अजिजीने सांगितलं.

सुगंधा आत आली. बायका बारीत बसत नसत, पण ती तडक दोन्ही बुवांच्या मधे जाऊन उभी राहिली. नवऱ्याला वर्मी काय लागेल ते तिला पक्कं माहीत होतं आणि त्याच गोष्टीची तिला लाज वाटत होती.

"बुवा, पुरे आता," ती सगळ्यांसमोर म्हणाली. "तुमचो आवाज गेलो. दशरथ बुवांच्या मागे बसान टाळ वाजवा."

राजारामने तिच्याकडे पाहिलं, पेटी पुढे ओढली आणि असा काही गजर लावला, की सुशांतचे हात आपोआप पखवाजावर कडाडले. दशरथ बुवाही स्तुती विसरून टोमण्यांवर आले. बाहेर अपूर्वाने अंगठा वर केला. हॉल वाचला होता. पण शेवटच्या ओळीला राजारामचा सूर वर जाताना चिरकला, तो सुगंधाने ऐकला. यंत्राला त्यातलं काही कळलं नाही.

घरी आल्यावर तिने गुळण्यांचं पाणी पुढे ठेवलं, तेव्हा त्याने विचारलं, "वर जाताना फाटलो ना गो?"

खोटं बोलावं असं तिच्या फार मनात आलं. पण इतके दिवस ज्याला मोठ्याने गा म्हणून ओरडली, त्याला आता खोटं काय सांगायचं?

"फाटलो," ती म्हणाली. "पण आवाज व्हयो तितको इलो."

त्याने तांब्या उचलला आणि पहिल्याच गुळणीला, शेजाऱ्यांना ऐकू जाईल इतका मोठा आवाज काढला.