पहिल्या ओळीतला ठिपका

यादीच्या पहिल्या ओळीवर फक्त एक ठिपका होता, मोहरीच्या दाण्याहून लहान. त्याखाली ठिपका, तिरपी रेघ आणि गावाचं नाव, अशा दोनशे अकरा ओळी. छापताना शाई उडाली असेल म्हणून कुणाचीही नजर पुढे घसरली असती. मेहजबीनची घसरली नाही.

सातखीराच्या त्या कचेरीत हातपंपांच्या पाण्यातल्या आर्सेनिकच्या नोंदी ती अकरा वर्षं सांभाळत होती. संगणकात दर गावाचा एक फोल्डर, आणि प्रत्येकाचं नाव तिने स्वतःच्या हाताने वहीत उतरवलेलं. सहाच महिन्यांपूर्वी रुजू झालेल्या तासफियाने सोमवारी सांख्यिकीच्या सॉफ्टवेअरमध्ये एक ओळ टंकली आणि चहा यायच्या आत सगळ्या फोल्डरांची नावं पडद्यावर धो धो उतरली.

"माशाल्ला!" कचेरीचे मुख्य ओहिदुज्जमान सर म्हणाले.

वहीकडे पाहून अकरा वर्षांत त्यांच्या तोंडून हा शब्द निघाला नव्हता. इलिश माशाचा काटा अडकावा तसा तो मेहजबीनच्या घशात बसला.

त्यात संगणकाने मोजली दोनशे बारा गावं. वहीत दोनशे अकरा.

"आपा, एक गाव राहिलंय तुमचं," सर म्हणाले. "मोक्सेदभाई, गुरुवारी होडी काढा आणि शोधून या."

पाण्याचे नमुने आणणारे मोक्सेदभाई दुखरा गुडघा चोळत म्हणाले, "अख्खं गाव गिळलंत की हो आपा! ढेकरसुद्धा नाही!"

सगळे हसले. तासफियाही हसली. मेहजबीनच्या लक्षात राहिलं ते तेवढंच.

संध्याकाळच्या आत तिला ठिपक्याचा अर्थ लागला. आतले फोल्डर मोजताना तासफियाच्या त्या एका ओळीच्या आज्ञेने ते सगळे ज्यात होते तो बाहेरचा फोल्डरही मोजला होता, आणि त्याच्या नावाच्या जागी नुसता ठिपका ठेवला होता. ती कुणाला काही बोलली नाही. तीन आठवड्यांपूर्वी सरांनी विचारलं होतं, "विभागप्रमुख कोण, तुम्ही की तासफिया? तुम्ही म्हणाल ते नाव ढाक्याला कळवतो." ती विचार करते म्हणाली होती. आता विचार करायचं कारणच उरलं नव्हतं. गुरुवारी होडी निघण्याआधीच्या बैठकीत, सगळ्यांसमोर, ती त्या ठिपक्यावर बोट ठेवणार होती. आवाज कसा ठेवायचा तेही ठरलं होतं: मऊ, जरासा हळहळणारा.

बुधवारी दुपारी तासफिया वही छातीशी धरून आली. डोळे तांबारलेले.

"आपा, दोन दिवस एकेक नाव लावून पाहिलं. तुमच्या वहीत एकही चूक नाही. पुसट झालेली नावंसुद्धा तुम्ही परत गिरवलीत."

"मग?"

"मग माझंच चुकतंय. कुठे ते सापडत नाही. पण सरांना आत्ताच सांगते, मोक्सेदभाईंना उगीच उन्हात पाठवू नका म्हणून."

"सर काय म्हणतील, ठाऊक आहे ना?"

"म्हणू देत. परवा मी हसले ना आपा, ते फार लागलंय मला."

मेहजबीन तिच्याकडे बघत राहिली. सॉफ्टवेअर काय, चार महिने बसलं तर आपल्यालाही आलं असतं. पण हे? तिच्या जागी आपण असतो तर गप्प बसलो असतो. बसलोच आहोत की, सोमवारपासून.

"बस," ती म्हणाली आणि यादी ओढून तिने ठिपक्यावर नख टेकवलं. "हे काय आहे?"

"शाई उडालीय."

"शाई नाही. हा आपला बाहेरचा फोल्डर. तुझ्या आज्ञेने त्यालाही गाव धरलंय."

तासफिया वाकून बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "तुम्हाला कधी कळलं, आपा?"

"सोमवारी."

पंखा कुरकुरत होता. तासफियाने वही टेबलावर ठेवली, कडा नीट जुळवल्या, आणि सरांच्या खोलीकडे निघाली. मेहजबीनही उठून तिच्या मागोमाग गेली.

"सर, ते दोनशे बारा..." तासफियाने सुरुवात केली.

"ते मागाहून." सरांच्या हातात फोन होता. "आपा, ढाक्याचा माणूस फोनवर थांबलाय. आज तरी नाव सांगा."

"तासफिया," मेहजबीन म्हणाली. "आणि गावं दोनशे अकराच आहेत."