चोवीस शब्द ठोकणारी हातोडी

मित्रांनो, माझ्या दांड्यावर जाऊ नका, तो तिसरा आहे. माथा मात्र जन्मापासूनचा. मी एक जुनी हातोडी आहे.

ट्रकच्या स्प्रिंगच्या मोडक्या पाट्याचा तुकडा घेऊन एका लोहाराने मला घडवलं. भट्टीत लाल केलं, ठोकलं, पाणी दिलं आणि सुतारकाकांच्या हाती सोपवलं. त्यांच्याबरोबर मी तीस वर्षं दारं, पलंग, पाळणे केले. पुढे त्यांचे हात थरथरू लागले. खिळा एकीकडे आणि माझा घाव भलतीकडे, असं होऊ लागलं. तेव्हा काकांनी मला फडक्यात गुंडाळलं आणि शेजारी नव्याने राहायला आलेल्या माणसाला देऊन टाकलं.

हा माणूस शहरातली कॉम्प्युटरवरची नोकरी सोडून बायकोसह गावात आला होता. दोन खोल्यांचं घर, मागे कोंबड्यांचं खुराडं, छपरावर सौर पाट्या. त्याची सगळी पुंजी म्हणे हाताला न लागणाऱ्या डिजिटल नाण्यांत होती. गावाने लगेच नाव पाडलं, ‘नाणेवाले’.

नाणेवाल्यांचा माझ्यावर फार जीव होता. काम झालं की मला पुसून, तेलाचा हात फिरवूनच ते जागेवर ठेवत. कुंपण ठोकताना त्यांचं बोलणं चालूच असे.

“बघा काका, नोटा हव्या तेवढ्या छापता येतात. दुधात पाणी घालावं तशी आपल्या कष्टाची किंमत पातळ होते. ही हातोडी छापता येते का? घडवावी लागते. माझं नाणंही तसंच आहे. मोजकं.”

“ते खरं रे,” ओट्यावर बसलेले सुतारकाका म्हणत, “पण तुझं नाणं खणखणीत आहे हे वाजवून कसं बघायचं?”

“वाजवायचं नाही, गणिताने तपासायचं. माणसावर विश्वास टाकायची वेळच येत नाही.”

“मग तुझं कठीण आहे बाबा. ही हातोडी मी लोहाराच्या शब्दावर घेतली होती.”

दोघेही हसत. मलाही तेव्हा ती थट्टाच वाटायची.

त्या नाण्यांची किल्ली म्हणजे चोवीस शब्द होते. नदी, चमचा, शेळी असे साधेच, पण ठरावीक क्रमाने. ते ज्याच्याकडे, त्याची पुंजी. कागद उंदीर खातील म्हणून नाणेवाल्यांनी पोलादाची पट्टी आणि अक्षरांचे ठसे आणले. दोन दिवस एकेक अक्षर माझ्याकडून ठोकून घेतलं. त्या कामाचा मला काय अभिमान वाटला होता! पण पट्टी चोराच्या हाती लागली तर? म्हणून त्यांनी शब्द मुद्दाम उलटसुलट ठोकले. खरा क्रम फक्त डोक्यात ठेवला. तो विसरू नये म्हणून रोज सकाळी कुंपणाचे खिळे ठोकताना ते माझ्या एकेका घावासरशी एकेक शब्द पुटपुटत. हळूहळू मलाही तो पाठ झाला.

एकदा त्यांच्या बायकोने, म्हणजे आमच्या बाईंनी, दारातून विचारलं, “मलाही नाही का सांगणार तो क्रम?”

“अगं, तुझ्या डोक्याला कशाला ताप? वेळ आली की सांगेनच.”

बाई दाण्यांचं सूप उचलून खुराड्याकडे गेल्या.

वेळ काही सांगून येत नाही. एका सकाळी कुंपणापाशी मी नाणेवाल्यांच्या हातातून निसटले. मला वाटलं, घाम आला असेल. मागोमाग तेही कोसळले. महिन्याभराने दवाखान्यातून परतले ते उजवा हात लुळा आणि वाचा गेलेली घेऊन. घरात होते ते पैसे औषधपाण्यात संपले होते.

डाव्या हाताने त्यांनी खुराड्याखालची जागा दाखवली. बाईंनी खणलं, पट्टी निघाली. “सापडली हो!” म्हणून त्या लहान मुलीसारख्या ओरडल्या. मग त्यांना क्रमाचं आठवलं. कॉम्प्युटर पुन्हा पुन्हा ‘चूक’ म्हणत राहिला. त्यांनी चोवीस शब्दांच्या चोवीस चिठ्ठ्या करून नवऱ्यापुढे मांडल्या. ते रोज चिठ्ठ्या लावत. रोज नवाच क्रम लागे.

सुतारकाका म्हणाले, “पोरी, त्याच्या हातात हातोडी दे. डोकं विसरलं तरी हाताला आठवत असतं.”

बाईंनी मला त्यांच्या डाव्या हातात देऊन पुढे एक फळी ठेवली. पहिला घाव पडला आणि महिन्यांनंतर त्यांच्या तोंडून शब्द फुटला. “नदी.” दुसरा घाव. “चमचा.” बाई भराभर चिठ्ठ्या लावू लागल्या. पाच शब्द बरोबर आले. सहाव्या घावाला नुसताच आवाज झाला. सातव्यालाही. मित्रांनो, सहावा शब्द मला येत होता. पुढचे सगळे येत होते. पण लोखंडाला कंठ कुठून असणार? ते ठोकत राहिले, ठोकत राहिले, फळी उभी चिरली तरी थांबेनात. शेवटी बाईंनी मला त्यांच्या मुठीतून सोडवून घेतलं.

“पुरे आता. गेलं तर गेलं.”

खाली बसून त्या हळूच म्हणाल्या, “शहरात वाचनालयात होते मी. तीन हजार पुस्तकांच्या जागा पाठ होत्या मला. चोवीस शब्द जड झाले असते का हो?”

नाणेवाल्यांनी मान वळवली. आपल्या डोळ्यांतलं पाणी पुसायला त्यांनी जो हात उचलू पाहिला, तो उजवा होता. तो उठलाच नाही.

पुढच्या महिन्यात कोंबड्या विकल्या, मग घर विकलं. निघताना बाई मला काकांना परत देऊ लागल्या. काका म्हणाले, “असू दे. नव्या ठिकाणी आधी खिळाच ठोकावा लागतो.” पाठ फिरवून ते चालू लागले. पुन्हा काही ते मला दिसले नाहीत.

आता आम्ही शहरात एका खोलीत राहतो. बाई पुन्हा वाचनालयात जातात. पहिल्याच दिवशी नवऱ्याचा शर्ट त्याच्या डाव्या हाताला लागेल असा टांगायला खिळा हवा होता. बाईंनी जन्मात कधी हातोडी चालवली नव्हती.

“अहो, तुम्ही खिळा धरा. हात हलवू नका हं.”

नाणेवाल्यांनी खिळा भिंतीला टेकवला. माझा घाव चुकला आणि त्यांच्या अंगठ्यावर बसला. नख काळंनिळं झालं. “अगं बाई! काढून नाही का घ्यायचा हात?” म्हणत बाईंनी मला टाकूनच दिलं. नाणेवाल्यांनी मान हलवली. पडलेला खिळा उचलला आणि त्याच दुखऱ्या अंगठ्याने पुन्हा त्याच जागी धरला. बाईंनी डोळे पुसले, मला उचललं. या वेळी खिळा सरळ आत गेला.

त्यानंतर मी फळीवर पडून आहे. माथ्यावर गंजाचे ठिपके आले आहेत. मित्रांनो, तुमच्या घरातल्या अवजारांना अधूनमधून तेल लावा, दांडा सैल झाला तर पाचर ठोका. आणि जे तुमच्या एकट्याच्याच डोक्यात आहे, ते घरातल्या एका तरी माणसाला सांगा. वेळ आली की सांगू, असं म्हणू नका. बोलता येतंय, तीच वेळ.