पहिलं घमेलं

माझी मुलगी लावण्या काय काम करते, हे मला दोन वर्षं कुणाला धड सांगता आलं नाही. मी शिवकामी. कुंभकोणात लग्नामुंजीच्या स्वयंपाकाची कामं घेते. हजार पानांचं जेवण वेळेवर वाढून दाखवते, पण हा एक प्रश्न आला की माझी बोबडी वळायची. कोइम्बतूरहून तिला एक स्थळ आलं होतं, आपल्यातलंच, तमिळनाडूत पिढ्यान्पिढ्या राहून घरात मराठी बोलणारं. मुलाची आई फोनवर म्हणाली, "सिव्हिल शिकली म्हणजे घरांचे नकाशे काढते का?"

"नाही, नकाशे दुसरे काढतात."

"मग बांधते?"

"बांधायला गवंडी आहेत."

"मग ही काय करते?"

"ती... बघते," मी म्हटलं. बाई फिस्सकन हसली. असा राग आला मला! त्या बाईचा नाही, लावण्याचा. चार वर्षं तंजावरला सिव्हिल, वर दोन वर्षं चेन्नईला बांधकाम व्यवस्थापन, आणि आईला चार माणसांत सांगता येईल असं एक काम नाही?

लावण्या घरी आल्यावर तिला झाडलं. ती शांतपणे म्हणाली, "अम्मा, लग्नात तू भात शिजवतेस का?"

"मी कशाला शिजवू? शिजवायला माणसं आहेत."

"वाढतेस?"

"वाढायला पोरं आहेत."

"मग तू काय करतेस?"

"जास्त शहाणपणा करू नकोस, हातपाय धू आणि जेवायला बस," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार!

तेव्हा ती पट्टीश्वरमच्या रस्त्यावर हनुमंतरावांचं कल्याणमंडपम्, म्हणजे लग्नाचं कार्यालय, बांधून घेत होती. हनुमंतराव म्हणजे आमच्या लोकांतले मोठे आसामी. एकटीच्या जबाबदारीवर मिळालेलं लावण्याचं हे पहिलंच काम. तिचे साहेब अनंतकृष्ण चेन्नईला बसतात. त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं, जेवणघराचा स्लॅब नीट पडला तर तंजावरच्या नव्या इस्पितळाची इमारत तुझ्याकडे. नाहीतर परत चेन्नईला, ऑफिसात. त्या ऑफिसात तिने सात महिने कॉम्प्युटरसमोर बसून दुसऱ्यांच्या साइटचे तक्ते भरले होते आणि रोज फोनवर रडकुंडीला यायची. हे सगळं मला ठाऊक होतं. ठाऊक असून मी जे केलं ते आता सांगते.

स्लॅब शुक्रवारी ठरला. आमच्याकडे स्लॅब ओतताना पहिलं घमेलं घरातल्या मोठ्या माणसाच्या हातून टाकतात, हळदकुंकू वाहून. हनुमंतरावांच्या घरात ते भवानी अक्कांनीच टाकायचं, म्हणजे त्यांच्या थोरल्या बहिणीने. अक्का राहतात तिरुविडैमरुदूरला. शुक्रवारी साडेदहाला राहुकाळ लागतो, तेव्हा त्याच्या आत घमेलं पडायला हवं. न्याहारी माझ्याकडे होती: पोंगल, वडे, गोडाची केसरी, नातेवाइकांनाही आणि मजुरांनाही.

सकाळी सातला भांडी घेऊन पोचले तर पोरीने आधी माझ्या डोक्यावर पिवळं हेल्मेट ठेवलं. अंबाड्यावर ते बसेना. "काढायचं नाही," म्हणाली, आणि वही उघडून पुढे चालती झाली. मी वाढता वाढता तिच्याकडे पाहत होते. सळयांच्या जाळीखाली ठेवायचे सिमेंटचे छोटे ठोकळे एका कोपऱ्यात कमी होते, ते तिने बसवून घेतले. माल थरथरवून दाबून बसवायची दोन यंत्रं होती, तिसरं जास्तीचं मागवलं होतं. डिझेल, ताडपत्री, प्यायचं पाणी, रस्त्यात उभा असलेला शेजाऱ्याचा ट्रॅक्टर, सगळ्यावर तिने टिक केली. तयार काँक्रीटच्या सहा गाड्या, एकीमागून एक, चाळीस चाळीस मिनिटांनी. एक गाडी रिकामी होते तोवर दुसरी दारात हवी, मध्ये खंड पडला तर स्लॅबला सांधा राहतो, असं मेस्त्री चंद्रमौलींनी मला समजावलं. पंक्तीसारखंच की, मी मनात म्हटलं. पण मोठ्याने म्हणून तिला चढवायची नव्हती.

नऊला पहिली गाडी आली, पोटातला ढोल गरागरा फिरवत. भवानी अक्कांचा पत्ता नाही. सव्वानऊ झाले. फोन लावला तर अक्का पूजेतून उठल्या नव्हत्या.

"अप्पा," लावण्या हनुमंतरावांना म्हणाली, "गाडी थांबेल, आतला माल थांबत नाही. घमेलं तुम्ही टाका."

"अक्काच्या आधी मी? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

तिने वाद घातला नाही. बाजूला जाऊन काँक्रीटच्या प्लांटला फोन केला, दुसरी गाडी अर्धा तास उशिरा भरायला सांगितली, आणि शिडीने वर सळया तपासायला गेली.

खाली राहिलो मी आणि ड्रायव्हर वेंकटेश. मी त्याला वडे दिले. तो बिचारा सारखा ढोलात डोकावत होता. "अम्मा, घट्ट व्हायला लागलंय. थोडं पाणी घातलं तर सैल होईल, पण मेडमनी सक्त मनाई केलीय."

मी डोकावले. खरंच घट्ट दिसत होतं. नातेवाईक सगळे जमलेले, आता अक्का येणार, घमेल्यात माल पडणारच नाही, आणि सगळे म्हणणार शिवकामीच्या पोरीला एक गाडी सांभाळता आली नाही. इस्पितळ गेलं, पोरगी परत त्या कॉम्प्युटरसमोर. मला काही सुचेना.

"घाल," मी म्हटलं.

"मेडम ओरडतील."

"मी तिची आई आहे. मी सांगते, घाल."

आई सांगते म्हटल्यावर तो काय बोलणार? गाडीचाच पाइप ढोलात सोडला. चांगल्या पाच-सहा घागरी पाणी गेलं असेल. माल कसा मऊसूत झाला! माझा जीव भांड्यात पडला.

दहा वाजून दहा मिनिटांनी भवानी अक्का आल्या, नऊवारी सावरत, मागे सात-आठ बायका. हनुमंतरावांनी घमेलं पुढे केलं. लावण्या शिडीवरून उतरली आणि म्हणाली, "एक मिनिट." तिने लोखंडाची एक शंकूसारखी नळी मांडली, ढोलातला माल तीत ठासून भरला आणि नळी अलगद वर उचलली. माल ढिगासारखा उभा राहायला हवा, थोडासाच खचायला हवा. तो पातळ उप्पिटासारखा पसरला, तिच्या बुटांपर्यंत.

ती उठली. "पाणी कोणी घातलं?"

वेंकटेशने मान खाली घातली.

हनुमंतराव म्हणाले, "घातलं असेल थोडं. वीस मिनिटांत राहुकाळ लागतो, ओता आता."

"चालून जाईल," चंद्रमौली मेस्त्रीही म्हणाले. "पस्तीस वर्षं बघतोय."

"ही गाडी परत जाणार," लावण्या म्हणाली. तिने गाडीबरोबर आलेलं मालाचं चलान काढलं, पेनाचं टोपण उघडलं. "ड्रायव्हरने न विचारता पाणी घातलं, असं लिहिते. पुढचं प्लांटवाले बघतील."

पुढचं काय ते मला वेंकटेशच्या तोंडावर दिसलं. त्याची नोकरी जाणार होती. आणि तरी तो माझं नाव घेईना! माझे वडे खाल्ले म्हणून, की मी मेडमची आई म्हणून, देव जाणे. लाज वाटली मला. एवढी लाज मला उभ्या जन्मात वाटली नव्हती.

"त्याने नाही घातलं," मी म्हटलं. "मी घालायला लावलं."

सगळे माझ्याकडे वळले. लावण्याने पाहिलं माझ्याकडे, क्षणभरच. मला वाटलं आता रडेल किंवा ओरडेल. ती तमिळमध्ये म्हणाली, "तुम्हाला कोणी सांगितलं होतं?"

माझ्याशी तमिळ! घरात आम्ही मायलेकी एकमेकींशी तमिळचा एक शब्द बोलत नाही. भांडतोसुद्धा मराठीत. आणि वर 'तुम्ही'. थोबाडीत मारली असती तरी मला एवढं लागलं नसतं.

"कोणी नाही," मीही तमिळमध्येच म्हटलं.

तिने चलानावर लिहिलं आणि माझ्यापुढे धरलं. पाणी साइटवर शिवकामी यांच्या सांगण्यावरून, ड्रायव्हरचा दोष नाही, माल नाकारला. "सही करा."

सगळ्या नातेवाइकांसमोर, हेल्मेट घालून, पिठाच्या हाताने मी सही केली.

हनुमंतराव आता तापलेच. "अगं, स्वतःच्या आईची अशी शोभा करतेस? पाच घागरींनी काय आभाळ कोसळणार आहे? मालक मी आहे, मी सांगतो, ओत!"

"अप्पा," ती म्हणाली, आवाज जराही चढवला नाही, "जास्त पाण्याने स्लॅब कच्चा राहतो. या छताखाली तुमची पंगत बसणार. वर पाण्याची टाकी येणार. माझ्या सहीने हा माल वर जाणार नाही. दुसऱ्या कोणाच्या सहीने न्यायचा असेल तर सांगा, मी हे हेल्मेट इथे काढून ठेवते आणि चेन्नईला फोन करते."

इस्पितळ, नोकरी, सगळं तिने त्या घमेल्याशेजारी मांडून ठेवलं होतं.

तेवढ्यात रस्त्यावर हॉर्न वाजला. दुसरी गाडी. लावण्याने घड्याळ पाहिलं. "सव्वादहा. हिचा माल ताजा आहे. अक्का, घमेलं धरा."

तिने परत ती नळी भरली, परत उचलली. ढीग या वेळी उभा राहिला, वीतभर, रुबाबात. भवानी अक्का भावाला म्हणाल्या, "हनुमंता, बाजूला हो. उशीर मी केला, ओरडतोस त्या पोरीला." आणि शिडी चढून, दहा वाजून बावीस मिनिटांनी, त्यांनी पहिलं घमेलं टाकलं. मागच्या बायकांनाही टाकायचं होतं. लावण्याने तिघींना टाकू दिलं, बाकीच्यांना हळदकुंकू देऊन खाली पाठवलं. पंप सुरू झाला. राहुकाळ लागला तेव्हा काम जोरात चाललं होतं.

परत गेलेल्या गाडीच्या बदल्यात तिने शेवटी एक गाडी जास्तीची मागवली. दुपारी चारला स्लॅब पुरा झाला, मध्ये कुठे खंड नाही. चंद्रमौली मेस्त्री दिवसभर तिच्याकडे पाहतही नव्हते. जाताना मात्र मला म्हणाले, "अम्मा, या पोरीच्या साइटवर मी परत येईन."

मी रिकाम्या भांड्यांपाशी बसून होते. घरी जायचा धीर होत नव्हता. लावण्या आली, माझ्या शेजारी विटांवर बसली. बूट काँक्रीटने माखलेले, ओठ सुकलेले.

"अम्मा, केसरी उरलीय का?"

मराठीत! मला एकदम रडूच फुटलं. ती केसरी खात राहिली, मी पदराने डोळे पुसत राहिले.

"तुझ्या सांबारात कुणी तुला न विचारता पाणी घातलं तर?" तिने विचारलं.

"हात तोडीन."

"आणि ती घालणारी तुझी आई असली तर?"

माणसं जास्त आली म्हणून पाणी घालून सांबार वाढवणाऱ्या दोन स्वयंपाक्यांना मी भर लग्नातून हाकललंय. त्यातला एक माझा सख्खा मावसभाऊ होता. हे तिला चांगलं ठाऊक आहे.

"चुकलं माझं," मी म्हटलं. पोरीची माफी मागायची मला सवय नाही, पण मागितली.

"माझंही," ती म्हणाली. "गाडीपाशी माझं माणूस ठेवून मगच वर जायला हवं होतं. वहीत लिहिलंय, पुढच्या साइटवर हे होणार नाही."

"पुढची साइट मिळेल का गं?"

"साहेबांचा फोन आला होता. चलानाचा फोटो पाठवला होता मी त्यांना. विचारत होते, ही शिवकामी कोण." ती हसायला लागली. "सांगितलं. मग म्हणाले, तंजावरला पुढच्या महिन्यात जा."

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला तिने मला उठवलं. "चल साइटवर." वर गेलो तर स्लॅब दगडासारखा. त्यावर मातीचे बोटभर उंचीचे बांध घालून चौकोन पाडले होते, शेताच्या वाफ्यांसारखे. तिने नळाचा पाइप माझ्या हातात दिला.

"घाल पाणी."

"मी?" मी दचकून पाइप खालीच टाकला.

"घाल, अम्मा. आता दहा-बारा दिवस हे सुकता कामा नये. आता जेवढं घालशील तेवढं याला हवंच आहे."

मी एकेक चौकोन भरत गेले. ती खाली कुणाला तरी शिडी नीट बांधली नाही म्हणून फैलावर घेत होती. तेवढ्यात कमरेला खोचलेला फोन वाजला. कोइम्बतूरची ती बाई.

"काय करताय, शिवकामीबाई?"

"मुलीच्या साइटवर आहे. कामाला लावलंय तिने मला."

बाई हसली, परवासारखीच. "अहो, पण तुमची मुलगी नक्की करते काय, ते अजून कळलं नाही बघा."

"सांगून नाही कळायचं," मी म्हटलं. "तुम्ही स्वतः या आणि बघा. फक्त दिलेल्या वेळेला या. ती आईचीसुद्धा गय करत नाही."