डाव्या नडगीवरची पट्टी

मला तुम्ही पाहिलेलं नसेल. मोज्याच्या आत राहणारीला कोण पाहणार? मी विटोल्डच्या डाव्या नडगीवर बांधायची पट्टी. फुटबॉलवाले मला शिनपॅड म्हणतात. समोरच्याची लाथ हाडापर्यंत पोहोचू द्यायची नाही, एवढंच माझं काम. ते मला जमलं का, असं विचाराल तर... आधी ऐका, मग तुम्हीच ठरवा.

माझा जन्म कोल्हापूरचा, सत्तेचाळीस सालचा. महायुद्धात देशोधडीला लागलेले पोलंडचे लोक तिथल्या छावणीत राहत. विटोल्ड त्यांच्यातलाच, सतरा वर्षांचा, आईबाप नसलेला. त्यानं चपला शिवणाऱ्या एका म्हाताऱ्याला मातीत बोटानं चित्र काढून दाखवलं. म्हाताऱ्यानं चांगलं चामडं घेतलं, आत वेताच्या आठ काड्या उभ्या शिवल्या, मागं जुन्या घोंगडीचा तुकडा लावला आणि वरून हातोडीनं ठोकून पाहिलं. "आता बैलानं जरी लाथाडलं तरी भ्यायचं नाही," असं म्हणाला.

छावणी उठली. बाकीचे बोटींनी कुठे कुठे गेले. विटोल्डला जायला गाव नव्हतं. खेळ होता. तो फुलबॅक, म्हणजे गोल मारणारा नव्हे, दुसऱ्याचा गोल अडवणारा. टाळ्या अशा माणसाला कमी, लाथा जास्त. मुंबईला एका गिरणीकडून खेळला, मग नागपूरला, आणि पंचावन्न साली अकोल्याच्या एका मिलमध्ये आला. कागदावर तो फिटर होता, पण नोकरी आणि राहायची खोली होती ती त्या दोन पायांसाठी.

मिलवाल्यांनी विटोल्डचा विठ्ठल केला. त्याची मराठी मात्र कोल्हापूरची राहिली. "काय म्हणालाय?", म्हणजे काय म्हणताय, असं त्यानं विचारलं की पिंजण खात्यातले शेषराव हसत.

"रंग गोरा, नाव विठ्ठल, बोली कोल्हापूरची. तुले समजावं तरी कसं बाप्पा?"

पुढे याच शेषरावांच्या लेकीशी, कौशल्येशी त्यानं रजिस्टर लग्न केलं. कौशल्या शिकलेली, जुन्या शहरात मुलींच्या शाळेत मास्तरीण. आणि काळजी करण्यात अशी की मीच तिची शिष्या शोभावी. माणिक जन्मली आणि त्या काळजीला धरबंध राहिला नाही. पोरगी शिंकली की ही उठून बसे. विटोल्ड सामन्याला निघाला की ही दारापर्यंत येऊन म्हणे, "अडवजा, पण पायानं अडवू नोका." मग स्वतःच्याच बोलण्यावर हसे.

आता ते सांगते, जे सांगताना माझी शिवण उसवते.

गेल्या वर्षीची गोष्ट. माझी एक काडी वर सरकली होती. सामना संपला की विटोल्डच्या नडगीवर निळा वळ उठलेला असे. कौशल्येनं तो पाहिला. तुम्ही वऱ्हाडात राहिला असाल तर तुम्हाला ठाऊक असेल, इथे दुखऱ्या जागेला कापूस लावतात. कान ठणकला, कापूस. पोर जन्मलं, कापसाची दुलई. मुलगी सासरी निघाली, तिच्याबरोबर कापसाची गादी. एका दुपारी माणिकला पाळण्यात निजवून कौशल्येनं माझी शिवण उसवली, आठही काड्या काढल्या आणि शेषरावांनी स्वतः पिंजलेला कापूस माझ्यात ठासून भरला. मग बारीक टाके घातले. इतकी गुबगुबीत मी कधीच नव्हते.

कापसानं लाथ थांबायची नाही, हे मला कळत होतं. पण मला तोंड कुठे होतं?

दोन दिवसांनी अमरावतीच्या संघाशी सामना होता. त्यांचा देवीदास डावीकडून आला. विटोल्डनं नेहमीसारखा पाय आडवा घातला. देवीदासनं चेंडूला मारलेली लाथ सरळ माझ्यावर आली. मी दबले, आणि माझ्यामागे हाड मोडल्याचा आवाज झाला. कडेला बसलेल्या बायकांपर्यंत तो गेला.

"चूक माझी," विटोल्ड जमिनीवरूनच म्हणाला. "मला उशीर झाला की."

दवाखान्यात देवीदास संत्री घेऊन आला आणि संत्र्यांपेक्षा रडलाच जास्त. विटोल्डनं त्यालाही तेच सांगितलं. कौशल्या खाटेच्या पायथ्याशी उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. घरी आल्यावर मला ट्रंकेच्या तळाशी टाकलं.

प्लास्टर निघालं. पाय थोडा ओढत चालायला लागला. सहा महिने धावायचं नाही, असं डॉक्टर म्हणाले. चौथ्या महिन्यात मिलच्या साहेबांनी बोलावलं. "रविवारी अमरावतीला मैदानात उतरा, नाहीतर खोली रिकामी करा. नव्या फुलबॅकला लागेल." कौशल्येला खोलीपेक्षाही दुसरी भीती होती. नोकरी गेली तर या परदेशी माणसाला इथे राहू देतील का? हा प्रश्न तिनं कुणाला विचारला नाही. उत्तर 'नाही' आलं तर काय करायचं, ते तिला माहीत नव्हतं.

शनिवारी दुपारी विटोल्डनं ट्रंक उघडली. शेषराव उंबऱ्याशी बसले होते.

"ती ठेवा, मले धुवाची हाय," कौशल्या घाईनं म्हणाली.

तेवढ्यात कोपऱ्यात खेळणारी माणिक पत्र्याचा डबा घेऊन आली आणि बापाच्या मांडीवर उपडा केला. आठ वेताच्या काड्या. कौशल्येला त्या फेकवल्या नव्हत्या.



"म्या काहाडल्या," कौशल्या म्हणाली. "मले वाटलं तुमाले टोचून राह्यल्या. तुमचा पाय देवीदासनं नाही मोडला. म्या मोडला."

विटोल्ड काड्या एका रेषेत लावत बसला. "ठाऊक आहे मला. बांधतानाच कळलं. इतकी वर्षं बांधतोय की."

"मंग काहून बांधली?"

"तू दारात उभी होतीस." त्यानं शेवटची काडी रेषेत ठेवली. "आणि मऊ वाटली. माझ्या अंगाला इतकं मऊ कुणी कधी बांधलं नव्हतं."

कौशल्या रडायला लागली. शेषराव डोळे पुसत ओरडले, "दोघंही येडेच आहा तुमी! रडून काय होते? सुई आन वं!"

कापूस निघाला, काड्या परत आत गेल्या. तिचे टाके या वेळी वाकडेतिकडे पडले. शेवटचा टाका घालून ती म्हणाली, "नोका जाऊ." त्यानं विचारलं, "मग राहायचं कुठं?" तिनं दातानं दोरा तोडला.

आज रविवार. अमरावतीचं मैदान. मी पुन्हा टणक आहे, हातोडी मारून पाहा हवं तर. पण त्याचा काय उपयोग? धोका आता माझ्या मागच्या बाजूला आहे. जिथे हाड जुळलं तिथे एक गाठ आहे, आणि तो प्रत्येक पाऊल टाकतो तेव्हा ती माझ्या घोंगडीला थरथरत टेकते. बाहेरची लाथ मी थोपवीन. आतून मोडणारं कसं थोपवू? राखणीला ठेवलेल्यानं हे बोलू नये, पण मला जमणार नाही.

देवीदास, बाबा, गोल मार. दोन मार. फक्त डावीकडून येऊ नकोस. आणि विटोल्ड, त्या दिवशी तू सगळ्यांना खोटं सांगितलंस की उशीर झाला. आज खरंच उशीर कर.

चेंडू डावीकडे आलाय. देवीदास बिचकतो, पण मागून त्याचेच लोक ओरडतात आणि तो धावत सुटतो. कडेला, सगळ्या पुरुषांच्या गर्दीत, पोर काखेत घेऊन एक बाई जिवाच्या आकांतानं ओरडतेय, "जाऊ द्या त्याले! अवो, जाऊ द्या त्याले!" लोक हसतात. आपल्याच नवऱ्याला गोल होऊ दे म्हणणारी बाई त्यांनी कधी पाहिलेली नाही.

मोज्याच्या आतून मीही तेच ओरडतेय. पण माझ्यामागची नडगी ताठ होत चालली आहे. अडवण्याशिवाय त्या पायाला दुसरं काही कुणी शिकवलंच नाही.