तारेवरचं नाव

गेल्या वर्षी स्मृतिदिनाच्या संचलनाहून बाबा परतले ते तोंड पाडूनच. कोटावरची पदकं काढून त्यांनी टेबलावर आपटली आणि म्हणाले, "पुढच्या वर्षी मी जाणार नाही. तिथं मला ओळखणारं कुत्रंसुद्धा नाही." त्यानंतर ते कुठेच जाईनासे झाले. संध्याकाळचं फिरणं बंद, दाढी वाढलेली, ताटातलं निम्मं ताटातच. थोरल्या लेकीला ते बघवेना. तिरीमिरीत ती बोलून गेली, "पुढच्या संचलनाला तुमच्या तुकडीतला एक तरी माणूस तुमच्या शेजारी आणून उभा करते. नाही केला तर बोला!"

"बघू," बाबा म्हणाले. त्या 'बघू'नेच तिचं डोकं फिरलं.

थोरली दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसायची. घाबरलेल्यांना धीर द्यायचा आणि अर्धी दाढ तशीच ठेवून पळालेल्यांना फोन करून, गोड बोलून परत आणायचं, हे तिचं काम. माणसं हुडकण्यात तिचा हात कोण धरणार? हां हां म्हणता होईल, असं तिला वाटलं. दगडावर डोकं आपटायचं आहे हे तिला कुठे ठाऊक होतं!

"तुमच्या दोस्तांची नावं सांगा," तिने विचारलं.

"भोपळ्या," बाबा म्हणाले. "खिळा. मावशी. धुरकांड्या."

"बाबा, मी नावं विचारतेय."

"मग मी काय भाजी सांगतोय?"

बाबांची तुकडी तारवाल्यांची. डोंगरातून तारा ओढायच्या, ठाण्याठाण्यावर टेलिफोन जोडायचे आणि रिसिव्हर कानाला लावून बसायचं. शत्रूही ऐकत असेल म्हणून तारेवर खरं नाव घ्यायची सक्त मनाई, ज्याला त्याला टोपणनाव. पुढे ते इतकं अंगवळणी पडलं की जेवतानाही कोणी कोणाला खऱ्या नावाने हाक मारीना. एका खड्ड्यात झोपलेली, एका डब्यात जेवलेली माणसं, आणि एकमेकांचं आडनाव ठाऊक नाही! याला काय म्हणावं, ते थोरलीला शेवटपर्यंत कळलं नाही.

माजी सैनिकांच्या कार्यालयातल्या कारकुनाने सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा कपाळावर चढवला.

"मावशी?" तो म्हणाला. "बाई, इथे माणसाचं पूर्ण नाव लागतं."

तिने त्याचं इतकं डोकं खाल्लं, की अखेर त्याने त्या तुकडीतल्या हयात मंडळींचे फोन नंबर काढून तिच्या हातावर ठेवले. कोण भोपळ्या आणि कोण खिळा, ते तुमचं तुम्ही बघा, म्हणाला.

मग पेशंटांच्या मधल्या वेळात थोरलीचे फोन सुरू झाले. एकाला ऐकूच येत नव्हतं. एकाची सून दर वेळी सांगायची की ते झोपलेत. हा माणूस उठतो तरी कधी, देव जाणे. एकाने आपल्या दोन्ही गुडघ्यांची साग्रसंगीत कहाणी ऐकवली. ज्यांना ऐकू आलं त्यांना थोरलीने बाबांचं नाव आडनावासकट खणखणीत सांगितलं, आणि सगळ्यांनी एकच उत्तर दिलं, असा कोणी आमच्यात नव्हता. एक घोगरा आवाज तर तिला समजावायलाच लागला. "पोरी, वाईट वाटून घेऊ नकोस. म्हातारपणी माणसं फेकतात. युद्धावर न गेलेले पुष्कळ जण गेलो होतो म्हणून सांगतात."

थोरलीने फोन असा आदळला की समोर बसलेल्या पेशंटने गालावरचा हात काढला.

पण शंका मेली पाल चुकचुकावी तशी चुकचुकायची ती चुकचुकलीच. घरी आल्या आल्या, चपलाही न काढता तिने विचारलं, "बाबा, तुम्ही खरंच होतात ना त्या तुकडीत?"

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. विचारायला नको होतं, हे तिला तेव्हाच कळलं. आणि दुसरंही एक कळलं, जे पहिल्याच दिवशी कळायला हवं होतं. ज्यांना एकमेकांची खरी नावं माहीत नाहीत, त्यांना ती बाबांचं खरं नाव सांगत सुटली होती!

"तारेवर तुमचं नाव काय होतं?"

"होतं काहीतरी."

"सांगा की."

"विसरलो."

तुकडीतल्या खेचराचं नावसुद्धा ज्यांना पाठ, ते स्वतःचं नाव विसरले! थोरलीने गोडीत विचारलं, रागावून विचारलं, चहा बंद करण्याची धमकी दिली. बाबा ढिम्म. संचलन आठवड्यावर आलं तेव्हा तिने हात टेकले. "राहू द्या," बाबा दाढीचं सामान घेऊन न्हाणीघराकडे निघाले होते, त्यांच्या पाठीला ती म्हणाली. "तुम्ही थापा मारता असं एक जण म्हणाला. आता मलाही तसंच वाटायला लागलंय."

दार लागलं. बराच वेळ नळाचा आवाज येत राहिला. मग आतूनच बाबा ओरडले, "रड्या!"

"काय?"

"रड्या म्हणायचे मला! झालं समाधान?"

दुसऱ्या दिवशी थोरलीने आधी त्या घोगऱ्या आवाजालाच फोन लावला. हिशेब चुकता करायचा होता ना! "माझ्या वडिलांना तुमच्यात रड्या म्हणायचे," ती तोऱ्यात म्हणाली.

पलीकडे काहीतरी धाडकन खाली पडलं. फोन कटला असं तिला वाटलं.

"रड्या आहे?" आवाज म्हणाला. "जिवंत आहे?"

"चांगले ठणठणीत आहेत. माझा जीव घेतायत."

"मी भोपळ्या," तो म्हणाला आणि सांगायला लागला. आत डॉक्टर पुढच्या पेशंटसाठी हाका मारत होते. थोरलीने हातानेच त्यांना थांबवलं.

सगळ्यात पुढच्या ठाण्यावर एक पोरगा होता. तारेवर सारखी शीळ घालायचा, म्हणून त्याचं नाव शिट्टी. एका रात्री त्याच्या ठाण्यावर गोळे पडले. बाबा आपल्या टेलिफोनचा दांडा फिरवत राहिले, शिट्टी बोल, शिट्टी बोल, म्हणत राहिले. उत्तर येईना, तेव्हा रिसिव्हर हातात तसाच धरून त्यांनी गळा काढला. "तार सगळ्यांची एकच," भोपळ्या म्हणाला. "आम्ही आपापल्या ठाण्यावर एकेकटे, कानाला त्याचं रडणं. कुणी रिसिव्हर खाली ठेवला नाही गं. आणि सकाळी नाव ठेवलं रड्या. चिडवलं त्याला आम्ही. पुष्कळ चिडवलं."

थोरलीला हिशेब चुकता करायचं भानच राहिलं नाही. संचलनाला यायचं त्याच्याकडून कबूल करून घेऊन तिने फोन ठेवला.

एवढं होऊन बाबा सुखासुखी निघतील, तर ते बाबा कसले! संचलनाच्या सकाळी कोट घालून पुन्हा खुर्चीत बसले. "तो भोपळ्या चार लोकांत मला त्या नावाने हाक मारेल."

"मारू दे! वर्षभर मी काय झक मारली?" थोरली म्हणाली आणि तिने त्यांना अक्षरशः टॅक्सीत कोंबलं.

भोपळ्या निघाला काडीसारखा. हातात काठी, कानात यंत्र. दोघे समोरासमोर आले. थोरलीने रुमाल काढून ठेवला होता, पण तसलं काही झालं नाही.

"म्हातारा झालास," भोपळ्या म्हणाला.

"तू काय कोवळा आहेस?" बाबा म्हणाले, आणि उजवीकडे कोण उभं राहणार यावरून दोघांची जुंपली. संयोजक त्यांना खुर्च्यांकडे नेऊ लागले तर दोघेही त्यांच्या अंगावर गेले. थोरलीने कपाळावर हात मारला. शोधून शोधून काय आणलं, तर दुसरा बाबाच!

बिगुल वाजला. दगडी स्तंभासमोर सगळा चौक स्तब्ध झाला. बाबा ताठ उभे होते. दात घट्ट आवळलेले, नजर स्तंभावर, चेहरा कोरडा ठणठणीत. भोपळ्या त्यांच्याकडे तिरक्या नजरेने बघत होता. एकदा बघितलं, दोनदा बघितलं. मग बहिऱ्या माणसाला जी कुजबुज वाटते त्या आवाजात, पार पलीकडच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल असा, वैतागून म्हणाला, "रड की लेका! आम्हाला कुठं जमतं?"

बाबांची हनुवटी हलली. आणि भर चौकात, पदकं लावलेल्या कोटात, त्यांनी गळा काढला. डोळे पुसले नाहीत, तोंड झाकलं नाही. भोपळ्याने काठी सोडून त्यांचा दंड धरला आणि डोळे मिटून ऐकत राहिला.

संयोजक चवड्यांवर धावत थोरलीपाशी आले. "बाई, त्यांना गप्प करा," ते कुजबुजले. "शांतता पाळायची आहे."

वर्षभराचा सगळा संताप थोरलीच्या घशाशी आला होता, आता त्याला धनी मिळाला.

"तुम्ही गप्प बसा," ती म्हणाली. "त्यांचा माणूस गेलाय."