निगिडिउसच्या नावापुढची खूण

मित्रांनो, मी एक जुनी, गरीब, बिचारी काशाची लेखणी आहे. नाही, ‘बिचारी’ खोडते. मी चिडलेली आहे.

रोमजवळच्या कापुआ गावातल्या एका कारागिराने मला ओतले, घासून टोक काढले. मग मी रोमला, सेन्सॉर मामेर्कुसच्या हाती आले. दर पाच वर्षांनी दोन सेन्सॉर मैदानात बसत, नागरिकांची गणती करत आणि कोण नीट वागतो, कोण शेत नीट राखतो तेही ठरवत. नावापुढे खूण पडली की माणसाचा मत देण्याचा हक्क गेला, अब्रू गेली. लोक माझ्याकडे टकामका बघत. मी फुलून जाई. लाज वाटते आता.

एके सकाळी निगिडिउस समोर आला. दंडावर भाल्याचा व्रण.

“शेतात काटेरी झुडपं माजलीत म्हणे?” मामेर्कुसने विचारले.

“माजणारच, साहेब. सहा वर्षं समुद्रापार हिस्पानियात लढत होतो. तिथून काय फुंकर मारून नांगरू?”

रांग खो खो हसली. मामेर्कुस लाल झाला.

“अहो साहेब, तुम्हीच तर पाठवलंत...” निगिडिउस सांगू लागला.

तोवर मी पाटीवरच्या मेणात रुतले होते. खूण!

पण दुसऱ्या सेन्सॉरने हो म्हटल्याशिवाय खूण टिकत नसे. मी आशेने त्या दुसऱ्याकडे, वोपिस्कुसकडे पाहिले. तो अंजीर खात होता.

“राहू दे त्याची,” तो पुटपुटला. “माझ्या मेहुण्याची तेवढी पूस. त्याचाही मळा उजाड आहे, पण त्याच्या लग्नात तूच पोटभर जेवलास की!”

“तो होता का सैन्यात?”

“छे रे! त्याला बूट चावतात.”

मामेर्कुसने मला उलटे धरले आणि चपट्या टोकाने मेहुण्याची खूण पुसली. तोच हात. तेच मेण!

“पुढच्या लढाईला मेहुण्यालाच धाडा!” निगिडिउसची बायको हेरेन्निया गर्दीतून ओरडली. आता कोणी हसले नाही.

पाच वर्षांनी सेन्सॉर नवे, लेखणी मीच. निगिडिउसचा गहू कमरेएवढा वाढला होता. नव्या साहेबांनी खूण पुसवली.

“झालं! आता खूश?”

“साहेब, मधल्या पाच वर्षांत कुणाला निवडायचं होतं, ते आत्ता सांगू का?”

साहेबांनी पुढचे नाव पुकारले.

मित्रांनो, मला जपा किंवा फेकून द्या. पण पुसता येते म्हणून कुणाच्या नावापुढे काही लिहू नका. मी पुसले आहे. मला विचारा.