शीळ आणि तिचं शेपूट

माणसं आणि जनावरं एकमेकांचं बघून काय उचलतात, पुढच्या पिढीच्या गळ्यात काय मारतात, या अभ्यासात आमच्या हिचा अख्खा जन्म गेला. मी घड्याळं दुरुस्त करतो. निदान घरात एकाचं काम तरी संध्याकाळपर्यंत संपतं, असं मी तिला चिडवायचो.

निवृत्तीच्या भाषणाच्या आदल्या दिवशी जेवताना तिने मला पहिल्यांदाच पाखरांचं रेकॉर्डिंग ऐकवलं. संशोधन केंद्राच्या आवारातली पाखरं गाण्याच्या शेवटी तीन सूर जास्तीचे लावतात, दुसरीकडची लावत नाहीत. या सुरांना ती लाडाने ‘शेपूट’ म्हणायची. पाखरांनी ते स्वतः रचलं आणि पिल्लांना शिकवलं, हा तिचा सगळ्यात गाजलेला शोध. त्यावरच तिचं नाव झालं होतं.

माझा घास हातातच राहिला. दोन सूर चढे आणि तिसरा घसरलेला. तो घसरतो, कारण तिथे माझा दम संपतो.

केंद्रात ओरडायला बंदी. म्हणून दुपारी डबा घेऊन गेलो की कुंपणाशी उभा राहून मी तिला शीळ घालायचो. पुढे तिथे कँटीन झालं आणि माझी फेरी सुटली.

गप्प बसावं असं फार वाटलं. पण उद्या टाळ्या पडताना मला तिच्याकडे बघवलं नसतं.

"अगं, हे शेपूट माझं आहे."

"काहीतरीच काय!"

मी शीळ घातली. तिचा चेहरा उतरला.

"पुन्हा घाला," ती म्हणाली. मग पुन्हा. शेवटी हळूच म्हणाली, "तुमचंच आहे हो." आणि भाषणाची पानं घेऊन खोडायला बसली. मला स्वतःचाच राग आला.

दुसऱ्या दिवशी भरल्या सभागृहात तिने सांगून टाकलं, "शेपूट पाखरांनी रचलेलं नाही. ते आमच्या ह्यांचं. ज्या पिल्लांनी ह्यांना कधी पाहिलंही नाही, तीसुद्धा ते गातात, एवढं खरं. बाकीचं मी मागे घेते."

थोडी कुजबुज झाली. एक तरुण प्राध्यापक उठला. "मॅडम, शीळ तर तुमच्यासाठीच होती. तुम्ही कशी ओळखली नाहीत?"

तिने माझ्याकडे पाहिलं.

"माझ्या कानांवर हेडफोन असायचे. शीळ घालून घालून दमले की हे आत येऊन खांद्यावर हात ठेवायचे. मला वाटायचं, आत्ताच आलेत."